गोरं होण्याबद्दल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. खालचे प्रश्न ओपीडीत, व्हॉट्सॲपवर आणि कॉलेजातल्या कार्यक्रमांनंतर चिठ्ठ्यांवर पुन्हापुन्हा येतात. सुरुवातीचे क्रीमबद्दलचे आहेत आणि पुढचे क्रीम का लागतं याबद्दलचे. घाई असेल त्यांनी निदान ३, ४ आणि ५ वाचावेत.

१. माझा रंग नेमका कशाने ठरतो? तो बदलता येतो का?

त्वचेतल्या मेलॅनोसाइट नावाच्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. त्या कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात, किती बनवतात आणि ते त्वचेत कसं पसरतं यावर रंग ठरतो, आणि हे बहुतांशी आईवडिलांकडून येतं. त्यावर उन्हाने चढलेला रंग वेगळा. तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरू शकतो.

दंडाची आतली, काखेकडची बाजू आरशात बघा. तिथे ऊन फारसं पोचत नाही, म्हणून तो तुमचा मूळ रंग. सुरक्षित उपायांनी चेहरा फार तर तिथपर्यंत येतो. त्यापलीकडे नेण्याचं आश्वासन देणारा एक तर थापा मारतोय, नाही तर तुमच्या त्वचेला इजा करणार आहे. मेलॅनिन आहे म्हणून एप्रिलच्या उन्हात आपली त्वचा युरोपियन त्वचेसारखी भाजून निघत नाही, हेही विसरू नका.

२. मग माझ्या मैत्रिणीचा चेहरा आठ दिवसांत उजळला तो कसा?

काही क्रीममध्ये टिटॅनियम डायऑक्साइडसारखी पांढरी पूड असते. ती वरवर बसते आणि चेहरा धुतला की जाते. काहींमध्ये सनस्क्रीन आणि नायसिनमाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असतं. त्याचा परिणाम खरा, पण बेताचा आणि सावकाश. पार्लरमधलं ब्लीच चेहऱ्यावरच्या लवेचा रंग घालवतं, त्वचेचा नाही. यापैकी काहीच नसेल आणि आठवड्याभरात चेहरा लख्ख झाला असेल, तर त्यात स्टेरॉइड किंवा पारा असण्याची शक्यता मी आधी धरते. मैत्रिणीला पुढचे तीन प्रश्न वाचायला द्या.

३. क्रीममध्ये स्टेरॉइड आहे हे कसं ओळखायचं?

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तिघं एकत्र असलेली ट्यूब आपल्याकडे सर्वांत जास्त फिरते. वांगावर, म्हणजे गालावरच्या तपकिरी पट्ट्यांवर, ती थोड्या आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते. प्रत्यक्षात एकीला दिलेली ट्यूब जावेकडे, जावेकडून भाचीकडे जाते आणि वर्षानुवर्षं 'रात्रीची क्रीम' म्हणून लावली जाते. पेशंट पर्समधून काढून देते तेव्हा ती शेवटच्या थेंबापर्यंत गुंडाळत पिळलेली असते, नावाची बाजू घासून गेलेली असते. 'डॉक्टर, हीच लिहून द्या, नाही तर मेडिकलवाला आहेच.'

मेडिकलवाला खरंच असतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. त्याआधी त्वचेवर लावायच्या मलमांना त्यातून सवलत होती. अशा औषधावर 'आरएक्स' खूण आणि लाल रेघ असते. आजही ती नुसतं नाव सांगून मिळतात. २०११ मध्ये छापल्या गेलेल्या एका पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ पेशंटची तपासणी झाली. त्यांतले १४.८ टक्के जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते.

लेबलच नसलेली, पार्लरमधून मिळालेली किंवा 'आयुर्वेदिक आहे हो' असं सांगून विकलेली डबी असेल, तर ती वापरू नका. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

४. मी वर्षभर तसली ट्यूब लावतेय. आजपासून बंद करू का?

थांबवायची आहेच, पण आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. खूप दिवस स्टेरॉइड लावलं की त्वचा पातळ होते, तांबड्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. एकदम बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होतो, आग होते, सूज येते. बाई घाबरून तीच ट्यूब पुन्हा लावते, तासाभरात बरं वाटतं आणि तिची खात्री पटते की क्रीमच चांगली होती. ती सवय तुटत नाही ती इथे. कुणाला हळूहळू कमी करत आणायची आणि कुणाची लगेच थांबवून दुसरी औषधं द्यायची, हे चेहरा बघून ठरतं. बरं व्हायला महिने लागतात. बहुतेकजणी बऱ्या होतात.

आणखी एक: गजकर्णावर स्टेरॉइड लावलं तर खाज थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. मग ते गजकर्ण म्हणून ओळखूही येत नाही.

५. पाऱ्याचं काय ऐकतोय? क्रीममुळे किडनी खराब होते का?

होते. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतो, म्हणून रंग झटपट उतरतो. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. लघवीला फेस येतो, पायांवर आणि डोळ्यांखाली सूज येते. अकोल्यातल्या एका आईला आणि तिच्या दोन मुलींना पार्लरमधून आणलेलं क्रीम लावल्यानंतर २०२२ मध्ये असाच मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम भागातूनही अशी प्रकरणं पुढे आली आहेत.

भारतातल्या नियमांनुसार साध्या सौंदर्यप्रसाधनात नकळत राहिलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात २०२३ मध्ये ही सूटही काढून २०२५ पर्यंत पारा घातलेली सगळी प्रसाधनं बंद करायचं ठरलं. पण ज्या डबीवर कारखान्याचा पत्ताच नाही, तिला कसला नियम? घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड असं काही दिसलं, किंवा 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असली, तर डबी घट्ट बंद करून पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. लघवीतला पारा तपासता येतो. घरात एकच जण लावत असली तरी टॉवेल, उशी आणि हवेतून तो तान्ह्या बाळापर्यंत जाऊ शकतो. डॉक्टरांना घरात कोण कोण आहे तेही सांगा.

६. मान आणि काख काळी पडली आहे. घासून जात नाही. कोणती क्रीम?

कोणतीच नाही, आधी रक्ताची साखर तपासा. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा आला असेल तर तो मळ नसतो. बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. वजन, पाळीच्या तक्रारी, घरातला मधुमेह हे सगळं बघावं लागतं. दगडाने घासू नका, घासल्याने आणखी काळं होतं. गालावरचे तपकिरी पट्टे म्हणजे वांग. त्यावर उपचार आहेत, पण उन्हात टोपी-सनस्क्रीनशिवाय फिरलात तर ते परत येतात. डागांवर उपचार आणि रंगावर उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं मी करते.

७. हळद, डाळीचं पीठ, लिंबू, दूध यांनी रंग उजळतो ना?

मळ आणि मृत त्वचा निघते, चेहरा तुकतुकीत दिसतो, बस. दिवाळीचं उटणं मजेत लावा. लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. टूथपेस्ट आणि खायचा सोडा लावणाऱ्यांना काय सांगू?

८. केशर घातलेलं दूध प्यायलं तर बाळ गोरं होतं का?

नाही. दूध प्या, बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. जन्मताना बाळ बरंच उजळ दिसतं आणि पुढच्या काही महिन्यांत रंग गडद होत स्थिरावतो. तेव्हा बाराव्या दिवशी 'वडिलांवर गेलाय, गोरा आहे' म्हणणाऱ्या आत्याबाईंनी सहा महिने थांबावं.

९. ग्लुटाथायोनचं इंजेक्शन घ्यावं का? लग्नाला दोन महिने आहेत.

घेऊ नका. ग्लुटाथायोन हे शरीरात तयार होणारं एक अँटिऑक्सिडंट आहे, पण गोरेपणासाठी ते शिरेतून देण्याला मान्यता नाही. थोडाफार फरक पडलाच तर टिकत नाही, आणि ॲलर्जीची गंभीर प्रतिक्रिया, यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असे धोके आहेत. हे पॅकेज विकणारे डॉक्टरही आहेत, हे मला लाजेने मान्य करावं लागतं. दोन महिन्यांत सनस्क्रीन, साधं मॉइश्चरायझर आणि झोप यांनी जे होईल तेवढं पुरेसं आहे. नवीन काहीही लग्नाच्या आधीच्या पंधरवड्यात लावू नका.

१०. हे गोऱ्या रंगाचं वेड इंग्रजांनी आणलं का?

कार्यक्रमात हा प्रश्न आला की सभागृहाला 'हो' ऐकायचं असतं, कारण मग आपण सुटतो. पण तसं म्हणता येत नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजली या व्याकरणकाराने ब्राह्मण ओळखण्याच्या खुणा सांगताना गोरा वर्ण आणि पिंगट केस यांचा उल्लेख केला आहे. काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या शूद्रावर विश्वास टाकू नये, अशा अर्थाच्या म्हणी आपल्याच आहेत. रंगावरून जात ओळखण्याची खोड जुनी आहे. उन्हात राबणारा आणि सावलीत बसणारा हा भेदही जुनाच. त्याच वेळी राम, कृष्ण आणि विठोबा सावळे आहेत, द्रौपदीचं एक नाव कृष्णा आहे, अजिंठ्याच्या चित्रांत सावळ्या राजस्त्रिया गोऱ्यांच्या बरोबरीने नटूनथटून बसल्या आहेत. म्हणजे रंगाबद्दल मतं होती, पण ती एकाच शिडीवर मांडलेली नव्हती.

शिडी इंग्रजांच्या काळात आली, आणि कागदोपत्री आली. खडकीच्या लढाईनंतर १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पुणे शहराच्या पूर्वेला इंग्रजांचं लष्कर वसलं. पेठा एकीकडे, साहेबांचे बंगले आणि क्लब दुसरीकडे. कोण कुठे राहणार, कुणाला क्लबात प्रवेश, हे आता वंशावर ठरू लागलं. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाने हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांचे खटले चालवू द्यायचं म्हटलं, तर गोऱ्या वसाहतीने एवढा गदारोळ केला की सरकारला ते पातळ करावं लागलं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी लोकांची नाकं मोजली आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची असा सिद्धान्त मांडला. काही जाती जन्मानेच लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, ही 'लढवय्या वंशां'ची कल्पनाही याच कारखान्यातली. तिच्या नावाखाली १८९२ मध्ये महारांची सैन्यभरती थांबवली गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई लष्करात नोकरी केली होती त्यांना एका हुकमात 'लढाऊ नाही' ठरवण्यात आलं. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त महार सैनिकाने त्याविरुद्ध अर्ज तयार केला.

जुना जातीचा अहंकार आणि नवं वंशशास्त्र असे एकमेकांना भेटले. वरच्या जातींना त्यात साहेबाशी नातं सांगायची सोय दिसली. बाजारानेही वेळ दवडली नाही. पेअर्स साबणाने १८९९ मध्ये इतरांना 'सुधारण्या'च्या गोऱ्या माणसाच्या 'जबाबदारी'वर जाहिरात केली. मुंबईत १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' हे देशी क्रीम आलं. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आलं, तेव्हा साहेबाला जाऊन २८ वर्षं झाली होती. या २८ वर्षांचा आणि पुढच्या पन्नास वर्षांचा हिशोब इंग्रजांच्या खात्यावर टाकता येत नाही.

११. पण आर्य गोरे आणि मूळचे लोक काळे, हे तर विज्ञानच आहे ना?

या कल्पनेवर पुण्यातच दोन टोकांचे वाद उभे राहिले. जोतीराव फुल्यांनी आर्यांचं आक्रमण खरं धरून ब्राह्मणांना बाहेरून आलेले ठरवलं, तर टिळकांनी आर्यांचं मूळ उत्तर ध्रुवापाशी शोधलं. दोघांच्या हातात युरोपातून आलेलंच माप होतं. डॉ. आंबेडकरांनी मात्र जात म्हणजे वंश हे स्पष्टपणे नाकारलं.

मला यात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे फार आवडतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशवादी जर्मन मानववंशशास्त्रज्ञाकडे पीएचडीला गेल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध दाखवून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व सिद्ध होईल, अशी फिशर यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असं आपल्याच प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या तोंडावर. पुढे त्या डेक्कन कॉलेजात शिकवायला आल्या. त्यांचीही सगळीच मतं आज टिकणारी नाहीत, पण ते धाडस टिकलं आहे.

जनुकांचं म्हणाल, तर त्वचा उजळ करणारा एसएलसी२४ए५ या जनुकातला एक बदल युरोपियनांत आणि आपल्यात एकाच मुळातून आलेला आहे, हे २०१३ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासात दिसलं. भारतात त्याचं प्रमाण प्रदेशागणिक आणि समाजागणिक बदलतं. एकाच घरात एक भाऊ गोरा आणि दुसरा सावळा निघतो तो अशाच अनेक जनुकांच्या वाटणीमुळे.

१२. बायोडेटात 'वर्ण' लिहावा का? मुलीची आई म्हणून विचारतेय.

लिहू नका. 'गव्हाळ' लिहिलं की समोरचे 'सावळी' वाचतात, 'निमगोरी' लिहिलं की 'गव्हाळ' वाचतात, प्रत्येक जण एक पायरी खाली उतरवूनच घेतो. फोटो स्टुडिओवाल्याला उजळ करू नका असं आधीच सांगा, नाही तर तो न विचारता करतो आणि मग कांदेपोह्यांच्या वेळी मुलगी फोटोपेक्षा वेगळी ठरते. शादी डॉट कॉमने २०२० मध्ये रंगावरून गाळणी लावायची सोय काढली. वधूवर मंडळांच्या फॉर्ममध्ये रकाना अजून दिसतो, तो कोरा सोडता येतो. आणि ताई, तुमच्या मुलासाठी सून बघताना आलेला फॉर्मही त्या रकान्याकडे न बघताच वाचायचा.

१३. मुलांचं काय? आम्हालाही ऐकावं लागतं.

लागतं, आणि २००५ पासून तुमच्यासाठीही वेगळी क्रीम आहे. जिममधले मित्र सुचवतात ती ट्यूब बहुतेकदा प्रश्न ३ मधलीच असते. दाढी केल्यावर लावली तर जास्त शोषली जाते.

१४. अशा जाहिरातींवर बंदी नाही का?

सरसकट बंदी नाही. काळ्या माणसाला दुःखी, बेकार किंवा लग्नाला अपात्र दाखवू नये, असा नियम जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वयंनियमन संस्थेने २०१४ मध्ये केला. गोरेपणाचा दावा करणाऱ्या औषधी उत्पादनांच्या जाहिरातींना १९५४ च्या जादुई उपाय कायद्याखाली शिक्षा करण्याचा मसुदा २०२० मध्ये निघाला होता. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं. खोक्यावरचा शब्द गेला, मागणी तिथेच आहे.

तक्रारीने काही होतं का? २०२४ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या ग्राहक आयोगाने 'फेअर अँड हँडसम'च्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १४.५ लाख रुपये भरायला सांगितलं. तक्रारदाराने ट्यूब घेतली होती ७९ रुपयांना, २०१३ मध्ये. तुम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकता. बिनलेबलच्या क्रीमसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जा, आणि डबी फेकू नका, तोच पुरावा.

१५. सासरी रंगावरून रोज बोलतात. कायदा काही करू शकतो का?

मी वकील नाही, म्हणून ढोबळच सांगते. नुसत्या टोमण्यांवर फौजदारी छळाचा गुन्हा टिकेलच असं नाही. १९९८ मध्ये मरण पावलेल्या सातारा जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पतीला सोडलं. सावळ्या रंगावरून टोमणे मारणं हे कायद्याला अपेक्षित अशा क्रूरतेत बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. उलट कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पत्नी पतीला काळा म्हणून हिणवते यालाच क्रूरता मानून घटस्फोट दिला. दोन्ही निकालांचे विषय वेगळे आहेत, एक शिक्षेचा, दुसरा घटस्फोटाचा. तरी पहिला वाचून मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

तुमच्या कामाचा आहे तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. अपमान करणं, हिणवणं, नावं ठेवणं याला तो शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणतो, आणि त्याखाली संरक्षण मागता येतं. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं. तारखा आणि मेसेज जपून ठेवा.

१६. आजी नातीला 'काळुंद्री' म्हणतात, पण प्रेमाने. काय करायचं?

आजींशी एकट्यात बोला, नातीसमोर नको. त्यांनाही कुणीतरी तसंच म्हटलेलं असतं, हे विचारलंत तर कळेल. नातीला 'तू काळी नाहीसच' असं समजावू नका. ती आरशात बघते, तुम्ही खोटं बोलताय हे तिला कळतं, आणि काळं असणं वाईट आहे हेही कळतं.

१७. मी सज्ञान आहे, माझा चेहरा, माझे पैसे. तुम्हाला काय अडचण?

काही नाही. लेबल वाचून, सुरक्षित क्रीम लावत असाल तर मी अडवणार नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत रंग बघतात हे माहीत असलेल्या मुलीला मी 'स्वतःवर प्रेम कर' असं सांगून घरीही पाठवणार नाही. मी अडते ती फक्त प्रश्न ३, ५ आणि ९ पाशी.

१८. पण कोडाच्या पेशंटचा उरलेला रंग तर डॉक्टरच काढतात! मग ते चालतं कसं?

बरोबर ऐकलंय. कोड अंगभर पसरून थोडेच गडद ठिपके उरले असतील आणि रंग परत आणण्याचे उपाय हरले असतील, तर मोनोबेंझोन नावाच्या औषधाने उरलेला रंग काढून त्वचा एकसारखी केली जाते. ते मेलॅनिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करतं. म्हणूनच कोड नसलेल्या माणसाने ते कधीही लावायचं नाही. लावलेल्या जागेपासून दूरही पांढरे चट्टे उठतात आणि ते परत भरतीलच असं नाही. कोडाच्या पेशंटलाही आम्ही घाई करू देत नाही. घरच्यांना बोलावतो, आणि पुढे आयुष्यभर सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी लागेल हे लेखी देतो. पुण्यात मे महिन्यात दुपारी दुचाकीवरून फिरणाऱ्याने या अटीचा विचार सहीआधी करावा.